पट्टी हलतेय ना

वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी कानावरचे हेडफोन काढले, टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाल्या, "यात तर तुमचे वडील बोलतच नाहीयेत."

"बोलतायत," धाकटा म्हणाला. "एक्केचाळीस मिनिटं बोलतायत."

"तुम्ही ऐकलंत?"

धाकट्याने ऐकलं नव्हतं. फाइलीची लांबी एक्केचाळीस मिनिटं बारा सेकंद होती, तारीख बुधवारची होती आणि वर ताईने स्वतः नाव घातलं होतं, 'बाबा पूर्ण'. कागद एवढा चोख असल्यावर आत कशाला डोकावायचं, असं मानणाऱ्या माणसांपैकी तो होता. त्याने हेडफोन कानाला लावले.

नळाचं पाणी. पातेल्यावर झाकण. सपाता घासत कोणीतरी इकडून तिकडे गेलं. फार लांब, भिंतीपलीकडे, एका सुरात काहीतरी चाललं होतं, शेजारच्या घरात पंखा घुमावा तसं. मग अगदी कानाशी आई म्हणाली, "कुठले तीन? दोनच होते."

पुन्हा झाकण.

"हे स्वयंपाकघर आहे," धाकटा म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं." बाईंना वाईट बातमी देताना पेनाला टोपण लावायची सवय होती. त्यांनी टोपण लावलं. "मला तीस मिनिटं लागतात. स्वच्छ, जवळून बोललेली. त्यावरून यंत्राला आवाज शिकवता येतो. ते टॅबलेटवर लिहिणार, टॅबलेट त्यांच्या आवाजात बोलणार. हे मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"आता परत घ्यायचं म्हणजे..." एवढं बोलून त्या थांबल्या. गुरुवारी सकाळी सर्जनने गाठीबरोबर अख्खी स्वरपेटी काढली होती. ते आधीच ठरलं होतं, म्हणून तर बुधवारी घाईने आवाज भरून घेतला होता. आज सोमवार.

"जुनं काही असेल तर शोधा," त्या म्हणाल्या. "कुठला समारंभ, फोनवरचे निरोप, काहीही. पुढच्या आठवड्यात ते घरी येतील, शुक्रवारी मी टॅबलेट घेऊन येते. तोवर मिळालं तर बघू. नाहीतर यंत्रात तयार आवाज आहेत. वाईट नाहीत."

धाकट्याने मान हलवली. त्याला काही वाटलं नाही. काहीतरी वाटायला हवं होतं हे त्याला पक्कं कळत होतं. वहीत रकाना आखलेला असावा, वर मथळाही लिहिलेला असावा आणि खाली काहीच नसावं, तसं झालं होतं. तो उठला, खुर्ची होती तशी आत सरकवली आणि बाहेर आला.

वडील हे त्या भागातल्या तीन पिढ्यांचे सर. लघुलेखनाचा क्लास चालवायचे. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. डाव्या हातात घड्याळ धरायचं आणि समोर पेन्सिली सरसावून बसलेल्या पोरापोरींना उतारा वाचून दाखवायचा. पहिल्या परीक्षेला मिनिटाला ऐंशी शब्द, दुसरीला शंभर, तिसरीला एकशेवीस. ऐंशी म्हणजे ऐंशी. एक्याऐंशी झाले तर तो विद्यार्थ्यावर अन्याय आणि एकोणऐंशी झाले तर लाड, असं त्यांचं मत. आवाज चढवायचा नाही की पाडायचा नाही, कारण आवाज हलला की पेन्सिल अडखळते. हे इतकं अंगात मुरलं की घरीही ते ऐंशीनेच बोलायचे. रागावले तरी ऐंशीनेच, फारच झालं तर शंभर. लहानपणी धाकटा शाळेच्या गच्चीवरून उडी मारून हात मोडून आला, तेव्हा सर एकशेवीसने बोलले होते. घरातला तो आजवरचा उच्चांक.

आई त्यांचीच विद्यार्थिनी. दुसरी तुकडी, पहिला बाक. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली तरी नवऱ्याला 'सर' म्हणायची. "सर, आंघोळ करून घ्या." "सर, तुमचा चष्मा तुमच्याच डोक्यावर आहे."

क्लासचा एक नियम होता. उतारा संपला की कोणी उठायचं नाही. सर कुणाकडेही बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "वाचून दाखव." ज्याला आपलंच लिहिलेलं परत वाचता येत नसे त्याने लिहिलंच नाही, असं ते धरायचे. धाकटा या नियमाखाली वाढला, आणि वाढून झाल्यावर त्याने जो धंदा धरला त्यात असला काही नियम नव्हता.

तो मोबाइलवर आवाज भरून घ्यायचं एक अ‍ॅप बनवायचा. तो एकटा नव्हे, सहा माणसांचं ऑफिस होतं. पण त्यातली पट्टी त्याची. अ‍ॅप उघडून लाल गोल दाबला की मधोमध चोवीस उभ्या रेघा दिसायच्या. माइकमध्ये आवाज शिरला की रेघा वर, आवाज थांबला की खाली. ही पट्टी पाहून भरणाऱ्याला कळावं, की आवाज येतोय, पुरेसा येतोय, फार मोठा होत नाहीये. काम तेवढंच.

पहिली पट्टी खरी होती. पण खरी पट्टी दिसायला मेलेली. खोलीत शांतता असली की चोवीसच्या चोवीस रेघा आडव्या पडायच्या. बारा माणसांना बोलावून अ‍ॅप वापरायला दिलं, तर त्यातल्या आठांना वाटलं अ‍ॅप बंदच पडलं. त्यांनी लाल गोल परत दाबला आणि भरणं थांबवून बसले.

"जीव नाही हो हिच्यात," रेघांचे रंग ठरवणारी मुलगी म्हणाली. तिला ऑफिसात सगळे रंगवाली म्हणायचे. "आयसीयूतल्या मशीनवर सरळ रेघ आली की नातेवाईक रडायला लागतात. तुमची पट्टी पाहून तसंच होतं."

मालक म्हणाले, "हलू दे रे थोडी. तुझं काय जातंय?"

धाकट्याचं काही जात नव्हतं. त्याने अकरा ओळी लिहिल्या. आता आवाज असो वा नसो, रेघा मंद वरखाली होत राहायच्या, झोपलेल्या माणसाच्या छातीसारख्या. शिवाय मोठे आवाज दाबून आणि बारीक आवाज उचलून त्याने सगळं एका समान लाटेत बसवलं. त्या अकरा ओळींना त्याने नाव दिलं 'श्वास'. पुन्हा बारा माणसं बोलावली. बाराही खूश. एक आजोबा तर काही न बोलता नुसतेच पट्टीकडे बघत बसले आणि म्हणाले, "छान ऐकतंय हो." धाकट्याला त्या दिवशी शाबासकी मिळाली. कोणी ऐकत नसताना ऐकल्याचा चेहरा करता आला की माणसालाही मिळते, तशीच.

बुधवारी सरांसमोर त्यानेच बसायचं ठरलं होतं. पण नवं अ‍ॅप त्याच दिवशी बाहेर सोडायचं होतं. म्हणून त्याने रविवारीच ताईच्या फोनवर अ‍ॅप घालून दिलं. ताई त्याची थोरली बहीण, ऑपरेशनसाठी तीन आठवडे माहेरी येऊन राहिली होती.

"मला त्यातलं काही कळत नाही हं," ती म्हणाली होती. "बिघडलं तर?"

"कळायचं काय आहे त्यात? लाल दाबायचं आणि पट्टीकडे बघायचं. पट्टी हलतेय ना? मग आवाज येतोय. बस."

"मग नंतर लावून बघू का?"

"पट्टी हलली म्हणजे झालं, ताई."

दवाखान्यातून बाहेर पडून फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीशी उभं राहून त्याने तिला फोन लावला.

"ताई, बुधवारी तुझा गळ्यात घालायचा हेडफोन कुठे होता?"

"कुठला, निळा? आता काय त्याचं?"

"कुठे होता?"

"अरे बाबा, सकाळपासून भाजी चिरताना घालून मैत्रिणीशी बोलत होते. मग बाबांसमोर काय गळ्यात पट्टा घालून बसू? काढला आणि टांगला खिळ्याला. स्वयंपाकघरात, आईच्या झाऱ्याशेजारी."

"बंद केला होतास?"

"बंद नाही केला. नुसता टांगला." हेडफोन जोडलेला असला की अ‍ॅप आवाज फोनमधून न घेता त्याच्यातूनच घ्यायचं. तीही व्यवस्था धाकट्यानेच लावली होती. लोकांची सोय म्हणून.

"म्हणजे काय झालं?" ताई म्हणाली. "ए, काय झालं सांग. नाही आला आवाज?"

"स्वयंपाकघराचा आलाय."

"असं कसं होईल? पट्टी हलत होती रे! मी डोळे लावून बसले होते तिच्यावर. बाबा बोलत होते तेव्हा हलत होती, थांबले तेव्हाही जराशी हलत होती. मी म्हटलं, आपल्या बाबांचा आवाजच असा इस्त्री केलेला, पट्टी बिचारी उड्या कुठून मारणार?" मग तिचा आवाज बदलला. "माझंच चुकलं. तू सांगितलं होतंस सोपं आहे म्हणून. एक पट्टा काढून बंद करायची अक्कल नाही मला."

इथे बोलायची जागा होती. धाकट्याला ती दिसलीही. पुस्तकात खूण घातलेली दिसावी तशी स्वच्छ दिसली. तो म्हणाला, "असू दे."

'असू दे' हा शब्द मोठा सोयीचा. माफ करणारा तोच वापरतो आणि लपवणाराही तोच.

आठवडाभर त्याने शोधाशोध केली. सरांना फोनवर बोलायचं वावडं होतं. समोरच्याच्या बोलण्याचा वेग आपल्या हातात राहत नाही, हे कारण. समारंभात ते मागे उभे राहत. क्लासच्या निरोपसमारंभाची एक चित्रफीत मिळाली, तिच्यात सर भाषणाला उठले आणि त्याच क्षणी चित्रफीत काढणाऱ्याने बायकांच्या रांगेकडे कॅमेरा फिरवून गाणं लावलेलं. आईच्या फोनवर तीन निरोप सापडले. "पोचलो." "बँक बंद आहे, उद्या येतो म्हणालेत." "तुझी किल्ली माझ्याकडे आहे, शोधू नकोस." धाकट्याने मोजलं. सगळे मिळून एकोणीस सेकंद, तेही रस्त्याच्या गोंगाटात.

त्याने बाईंना कळवलं. बाईंनी उलट लिहिलं, 'नाही पुरणार.' खाली आणखी एक निरोप टाकून परत पुसलेला दिसत होता.

या आठवड्यात तो वेळेवर जेवला, वेळेवर ऑफिसला गेला. दवाखान्यात सरांच्या खाटेशी बसला. सरांच्या गळ्याला पुढून भोक होतं, त्यातून श्वास येजा करायचा, आणि मांडीवर वही असायची. वहीत ते लघुलेखन लिहायचे, कारण साध्या अक्षरात लिहायला वेळ लागतो आणि सरांना वेळ लागलेला चालत नसे. पण ते वाचता येणारं घरात एकच माणूस. त्यामुळे सर काहीही लिहायचे आणि आई ते वाचून दाखवायची, वर आपलीही पदरची भर घालायची.

"'उशी उंच आहे' म्हणतायत. उंच नाहीये, सर, तुम्ही घसरलाय."

ताई दारात उभी असायची आणि आत यायची नाही. सरांना कोणी अजून सांगितलं नव्हतं. पट्टी हलल्याचं ताईने बुधवारीच सांगितलं होतं, त्यामुळे आपला आवाज कुठेतरी नीट ठेवलेला आहे असं ते धरून चालले होते. एकदा त्यांनी लिहिलं आणि आईने वाचलं, "'यंत्राला सांग, ऐंशी.'"

ऑफिसात पुढच्या बुधवारी त्याने त्या अकरा ओळी काढल्या. दोन मिनिटांचं काम होतं. संध्याकाळी मालक त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"पट्टी का मेली रे?"

"मेली नाही. खरी केली."

"कुणी तक्रार केली?"

"नाही."

"मग?" मालकांनी बाजूची खुर्ची ओढली. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीला ग्राहक किती हे विचारायचा. "हे बघ, लोकांना हललेली आवडते. आवडती गोष्ट काढायला कारण लागतं."

धाकट्याने कारण सांगितलं. दवाखाना, निळा हेडफोन, खिळा, झारा, एक्केचाळीस मिनिटं. सांगताना त्याचा आवाज कुठे चढला नाही की पडला नाही. पलीकडच्या टेबलावरून रंगवाली ऐकत होती. ती उठून आली आणि तिने आपल्याच रंगांच्या रेघांकडे पाहिलं.

"आयसीयूचा विनोद मी केला होता," ती म्हणाली.

"चांगला होता," धाकटा म्हणाला.

मालक बराच वेळ टेबलावरची टाचणी सरळ करत बसले. मग म्हणाले, "खाली लिही मग. आवाज येत नसेल तर तसं लिहून येऊ दे, म्हणजे बंद पडलंय असं वाटणार नाही. आणि माइक कुठला चालू आहे तेही." जाता जाता थांबून म्हणाले, "वडिलांना सांगितलंस?"

सर घरी आले आणि शुक्रवारी दुपारी बाई टॅबलेट घेऊन आल्या. सर खिडकीजवळच्या खुर्चीत, गळ्यावर पातळ जाळीदार फडका, मांडीवर वही, डाव्या मनगटावर घड्याळ. आई त्यांच्या शेजारी स्टुलावर. ताई पाण्याचा पेला घेऊन आली आणि तो कुणाला द्यायचा हे विसरली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा आवाज भरलाच गेला नाही. माझ्यामुळे. मी तो हेडफोन..."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मुळातच कमी हलणारा. फक्त पेन्सिल हातात उलटी झाली.

"ताईमुळे नाही," धाकटा म्हणाला. "पट्टी खोटी होती. मी खोटी केली होती."

ताईने पेला टेबलावर ठेवला. सरांनी पेन्सिल सुलटी केली आणि लिहिलं. आईने वाचलं, "'खोटी म्हणजे किती?'"

"आवाज नसला तरी हलायची. ताईने पट्टीवर नजर ठेवली, कारण मी तिला तेवढंच सांगितलं होतं. पट्टी खरी असती तर तुम्ही बोलताना ती पडून राहिली असती आणि हिला पहिल्या मिनिटाला कळलं असतं."

"'कशासाठी हलवलीस?'"

"बघणाऱ्याला बरं वाटावं म्हणून."

"तू मला आठवडाभर..." ताई म्हणाली. "गाढवा, मी आठवडाभर दवाखान्यात त्यांच्या खाटेशी आले नाही!"

"हो."

"हो काय, हो?"

सर लिहीत होते. यावेळी दोन ओळी झाल्या. आईने त्या मनात वाचल्या.

"काय म्हणतात?" बाईंनी विचारलं.

"म्हणतायत, 'परत लावून ऐकलं होतंस का?'" आई म्हणाली. "आणि खाली म्हणतायत, 'चौतीस वर्षं मी शेवटी काय म्हणायचो?'"

धाकटा म्हणाला, "वाचून दाखव."

सरांनी पेन्सिलीच्या टोकाने त्याच्या फोनकडे खूण केली.

"आता?" बाई म्हणाल्या. "त्यात काही नाहीये हो, सर."

पेन्सिल तशीच राहिली. धाकट्याने 'बाबा पूर्ण' लावलं आणि फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला.

नळ. झाकण. सपाता. भिंतीपलीकडची ती एकसुरी घरघर, जिच्यातला एक शब्द सुटा होत नव्हता. मग आई. "कुठले तीन? दोनच होते. तिसऱ्याचा 'क' उठत नव्हता, त्याला काय टाइपरायटर म्हणायचं?"

स्टुलावरची आई ताठ झाली. "हे कुणी भरलं?"

"तूच," ताई म्हणाली.

फोनमधली आई बटाटे धूत होती. "म्हणे थंडी होती. घामाने माझी वही ओली झाली होती त्या दिवशी." पाणी बंद. "नाही, नाही, ते आधी झालं. लग्न नंतर. गाडी उलटी हाकतायत."

"बंद कर रे ते," आई म्हणाली. "शोभतं का? मी आपली माझ्याशी बोलत होते. बाईंसमोर काय हे!"

सरांनी डावा हात वर केला. क्लासमध्ये उतारा चालू असताना कोणी खोकलं तर ते करायचे, तसा. आणि मग त्यांनी वही उघडून घड्याळ टेबलावर ठेवलं आणि लिहायला सुरुवात केली.

कोणालाच आधी कळलं नाही ते काय लिहितायत. सर ऐकत होते. भिंतीपलीकडची घरघर चालू असली की पेन्सिल चालायची, आई बोलली की थांबायची, पुन्हा घरघर, पुन्हा पेन्सिल. बाई वाकून बघायला लागल्या. आईने पानावर नजर टाकली आणि म्हणाली, "बुधवारी काय बोलले ते लिहितायत. माझ्या बोलण्यावरून त्यांना आठवतंय कुठे काय सांगितलं होतं ते."

साऱ्या जन्मात दुसऱ्याला लिहून घ्यायला लावणारा माणूस बायकोच्या पुटपुटण्यावरून स्वतःलाच लिहून घेत होता.

बावीस-तेवीस मिनिटांवर फोनमधली आई म्हणाली, "मी पहिली आले होते ते नाही सांगणार, बघ." मग बराच वेळ सुरी, फळी, सुरी. मग सुरी थांबली. घरघर चालू होती. आणि आई एकदम हळू म्हणाली, "सांगितलं वाटतं."

आई उठली आणि चहाचं बघते म्हणून आत गेली. ताई तोंड फिरवून खिडकीचा पडदा सारखा करू लागली. तो सारखाच होता. धाकट्याने फोनकडे पाहिलं. आपल्यालाही काहीतरी होत असेल म्हणून त्याने थोडं थांबून पाहिलं. काही झालं नाही. त्याला एवढंच दिसलं की बाबांचं अक्षर ऑपरेशननंतरही पूर्वीइतकंच बारीक आहे.

एक्केचाळीस मिनिटं बारा सेकंदांनी फाइल संपली. चौदा पानं भरली होती. बाईंनी मधल्या वेळात दोन जागी फोन करून पुढच्या भेटी रद्द केल्या होत्या, तेही त्यांनी बाहेर जाऊन केलं.

"आवाज निवडूया का?" त्या म्हणाल्या.

टॅबलेटमध्ये पुरुषांचे पाच आवाज होते. पहिला बातम्या देणारा. दुसरा आजारी वाटला. "हा नको, हा कायम सॉरी म्हणतोय असं वाटतं," ताई म्हणाली. तिसरा इतका गोड की आतून आई ओरडली, "तो नको, तो काहीतरी विकायला आलाय!" सरांनी चौथ्यावर बोट ठेवलं. चौथ्यात काही खास नव्हतं. म्हणूनच ठेवलं असावं.

मग त्यांनी घड्याळ उचललं आणि आपल्या जुन्या उताऱ्यांतला एक, पाठ असलेला, टॅबलेटवर लिहिला. साध्या अक्षरात, एकेक बोटाने. ऐंशी शब्द. यंत्राने तो छत्तीस सेकंदांत उरकला. सरांनी धाकट्याकडे पाहिलं.

धाकट्याने वेग कमी केला. एकोणपन्नास सेकंद. आणखी कमी. एक मिनिट सात. सरांनी मान हलवली नाही. एकोणसाठ. सरांनी दोन बोटं जवळ आणून दाखवली, किंचित. धाकट्याने तो सरकता ठिपका केसभर मागे घेतला. यंत्राने शेवटचा शब्द म्हटला तेव्हा सेकंदकाटा बरोबर बारावर होता.

"साठ," बाई म्हणाल्या.

सरांनी घड्याळ मनगटावर बांधलं.

धाकट्याने सवयीने स्वतःचा फोन टेबलावर ठेवून लाल गोल दाबला. नव्या पट्टीच्या चोवीस रेघा आडव्या पडून होत्या. खाली बारीक अक्षरात आलं, 'माइक फोनचा. आवाज येत नाही.' सर वहीचं पहिलं पान उघडून टॅबलेटवर उतरवत बसले होते. चार मिनिटं कोणी बोललं नाही आणि पट्टी हलली नाही.

मग सरांनी बटण दाबलं. रेघा उठल्या. परका माणूस मिनिटाला ऐंशी शब्दांनी म्हणाला, "क्लास सुरू केला तेव्हा माझ्याकडे तीन टाइपरायटर होते."

आत चहाच्या भांड्यावर झाकण पडलं.

"दोनच होते, सर," आई तिथूनच म्हणाली, "किती वेळा सांगायचं?" आणि कपबश्या काढू लागली.

सर पुढचं वाक्य लिहायला लागले. पट्टीच्या डावीकडच्या दोन-तीन रेघा जेमतेम उचलल्या होत्या, त्या परत आडव्या झाल्या. धाकट्याने भरणं थांबवलं, फाइलीला नाव घालायच्या आधी फोन कानाला लावला आणि पहिल्यापासून ऐकलं. चार मिनिटं काहीच नव्हतं, तीही ऐकली. मग तो आवाज आला, मग झाकण, मग आई.

ऐकू येत होतं.